‘बाबा आमच्याकडे राहत नाहीत’

पत्र : ताई, आम्ही नाशिकचे. माझे मिस्टर गेल्या वर्षापासून न्यू जर्सीत नोकरीला आहेत. मे महिन्यात सहा वर्षांची मुलगी आणि नऊ महिन्यांचं बाळ घेऊन मी एकटीच त्यांच्याकडे गेले. निघतानाच सिक्युरिटीवर मुलीच्या हातातली बाहुली ओढून ट्रेमध्ये टाकली. बाळाची बाटली उघडायला लावून ‘पहले आप पियो’ म्हणून दरडावलं. इमिग्रेशनच्या साहेबांनी माझ्याकडे न बघता मुलीलाच विचारलं, ‘पापा कहाँ हैं?’ ती म्हणाली, ‘बाबा आमच्याकडे राहत नाहीत.’ झालं! पंचवीस मिनिटं आम्हाला बाजूला उभं केलं. तिकडे उतरल्यावरही तेच प्रश्न. उच्चार कळला नाही म्हणून मी दोनदा ‘पार्डन’ म्हटलं, तर साहेबांचा आवाज चढला. बाहेर पडल्यावर मी मुलीच्या दंडाला चिमटा काढला आणि म्हटलं, ‘तुला कोणी बोलायला सांगितलं होतं?’ भावाच्या लग्नासाठी आता घरी आलोय, डिसेंबरात परत जायचंय. मुलगी म्हणते, मी विमानतळावर येणार नाही. सोसायटीच्या वॉचमनकाकांशीसुद्धा ती आता बोलत नाही. मी काय करू? आणि या लोकांना कोणी विचारणारं आहे की नाही?
– एक आई, नाशिक

उत्तर : वयानं तू माझ्या भाचीएवढी आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

तुझ्या पत्रातली बाहुली, बाटली, चढलेला आवाज या सगळ्यावर बोलू. पण मी पत्र वाचताना थांबले ती चिमट्याच्या ओळीवर. तुलाही तेच जास्त सलतंय, नाहीतर तू ते लिहिलंच नसतंस. तेव्हा आधी तिथूनच सुरुवात करू.

तुझी मुलगी खरं बोलली. बाबा न्यू जर्सीत राहतात, आपण नाशिकला राहतो, म्हणजे बाबा आपल्याकडे राहत नाहीत. सहा वर्षांच्या मुलीनं याहून नीट उत्तर काय द्यायचं? आपणच तिला शिकवलंय, मोठ्यांनी विचारलं की उत्तर द्यावं आणि खरं बोलावं. तिनं दोन्ही केलं आणि तिला चिमटा मिळाला. आता गणवेशातला माणूस दिसला की तिच्या मनात एवढंच येतं, की मी बोलले तर आई अडकते आणि मग आई मला रागावते. वॉचमनकाकांशी ती का बोलत नाही, ते यातच आलं. ती त्या साहेबाला जेवढी घाबरली असेल, त्याहून जास्त तुझ्या रागाला घाबरली आहे. हे तुला लागेल, पण सुटकेची वाटही यातच आहे, कारण साहेबाला बदलणं तुझ्या हातात नाही आणि हे आहे.

आज संध्याकाळी तिला जवळ घे आणि सरळ सांग : ‘त्या दिवशी तू बरोबर उत्तर दिलंस. मी घाबरले होते, म्हणून तुला चिमटा काढला. ते माझं चुकलं.’ एवढंच. पुढे ‘पण तू पण ना’ जोडू नकोस. आपल्याकडे आईवडिलांनी मुलांची माफी मागायची फारशी रीत नाही, मला ठाऊक आहे. तरी मागून बघ. नंतर तिच्याशी दुसरं काही बोल, पोळी लाट, वेणी घाल. ती लगेच काही बोलणार नाही. दोन-तीन दिवसांनी ती स्वतः विषय काढेल.

आता त्या प्रश्नाबद्दल. मी एकोणीस वर्षं एका विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर उभी होते, म्हणून मला ही गोष्ट दोन्ही बाजूंनी दिसते. एका संध्याकाळच्या फ्लाइटला एक गृहस्थ पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आले. कागद चोख, बोलणं गोड. फक्त मुलगा शाळेच्या गणवेशात होता, बिल्ल्यासकट. माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीनं वाकून त्याला सहज विचारलं, ‘शाळेतून डायरेक्ट आलास का रे?’ तो म्हणाला, ‘हो, आणि आईला सांगायचं नाहीये, सरप्राइज आहे.’ मैत्रिणीनं हसून ‘अरे वा’ म्हटलं आणि आत जाऊन ड्यूटी मॅनेजरला बोलावून आणलं. त्या मुलाची आई तेव्हा एका पोलीस ठाण्यात बसून रडत होती, हे तासाभरानं कळलं.

त्या दिवशी मुलाला प्रश्न विचारला नसता तर काय झालं असतं, हे मी आजही डोक्यातून काढू शकत नाही. म्हणून ‘बाबा कुठे?’ हा प्रश्न कोणी तुझ्या मुलीला विचारला, तर त्याचा राग धरू नकोस. मोठी माणसं पाठ करून येतात, मुलं पाठ केलेलं विसरतात, म्हणून मुलांना विचारतात. यामागे मोठं कारणही आहे. एका पालकानं दुसऱ्याला अंधारात ठेवून मूल परदेशी नेलं, तर ते परत पाठवण्यासाठी 1980 चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, हेग करार. अमेरिका त्यात आहे, भारत नाही. त्यामुळे अमेरिका आणि भारत यांच्यामध्ये एकट्या पालकाबरोबर ये-जा करणारं मूल दिसलं की चौकशी जरा जास्त होते. आपल्याकडून निघतानाही, कोर्टानं किंवा पोलिसांनी कोणाला देशाबाहेर जाऊ देऊ नका असं कळवलं असेल, तर ते अधिकाऱ्याला समोरच्या संगणकावर दिसतं. तेवढं तपासणं त्याचं कामच आहे.

मात्र त्यानं ते कसं विचारलं, ती गोष्ट वेगळी. माझी मैत्रीण वाकून, हसून विचारत होती आणि तिला जे कळायला हवं ते कळलं. आईकडे न बघता, काचेपलीकडून, परक्या भाषेत पोरीवर प्रश्न फेकल्यानं जास्त काही कळत नाही. आपल्याकडून पश्चिमेला जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्री ते पहाटे सुटतात, तीन-चार विमानांची गर्दी एकदमच काउंटरवर येते, माणसं कमी पडतात, हे सगळं मी भोगलं आहे. पहाटे तीनला माझाही आवाज चढलेला आहे. एका बाईवर, जिचं बाळ रडत होतं आणि जिला व्हिसाचा कागद सापडत नव्हता. तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो. दमलेली होते हे खरं, पण ती बाईही दमलेलीच होती आणि तिच्या कडेवर बाळ होतं. तेव्हा ‘त्यांना कामाचा ताण असतो गं’ असं म्हणून मी तुझी समजूत काढणार नाही. तुझा राग रास्त आहे. फक्त तो काउंटरवर काढायचा नाही, घरी येऊन कागदावर काढायचा. ते कसं, ते पुढे सांगते.

आधी एक घोळ निस्तरू. तू पत्रात सगळ्यांना मिळून ‘या लोकांना’ म्हणतेस. तुला जे भेटले ते वेगवेगळ्या घरचे लोक आहेत. चेक-इनला विमान कंपनीची माणसं असतात. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो, म्हणून ती व्हिसा दहादा उलटून बघतात. सुरक्षा तपासणीला खाकीतले सीआयएसएफचे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान. डिसेंबर 1999 मध्ये विमान पळवून कंदाहारला नेलं, त्यानंतर 2000 पासून आपल्या विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्यानं त्यांच्याकडे आली. शिक्का मारणारे इमिग्रेशनवाले केंद्रीय गृहखात्याचे. परत येताना पांढऱ्या कपड्यांत भेटतात ते कस्टमवाले, अर्थखात्याचे. एकाची तक्रार दुसऱ्याकडे केली की ‘ये हमारा काम नहीं’ ऐकावं लागतं, आणि ते खोटंही नसतं.

बाहुली एक्स-रेमधून जाणारच, तिथे सूट नाही. बाबागाडीही जाते, बाळाला कडेवर घ्यावं लागतं. पण बाहुली हिसकावून घ्यावी असा नियम कुठेच नाही. पुढच्या वेळी ट्रेजवळ पोचायच्या आधीच मुलीला सांग, ‘बाहुली बोगद्यातून जाणार, पलीकडे तू तिला घ्यायचंस.’ घरी खुर्चीखालून दोनदा हा खेळ खेळा. हातातल्या सामानातल्या पातळ पदार्थांना 100 मिलीचा नियम असतो, तो बाळाचं दूध, पेज, औषध यांना लागू होत नाही. प्रवासाला लागेल तेवढं नेता येतं, फक्त ते पिशवीतून बाहेर काढून वेगळं दाखवायचं आणि आपणहून म्हणायचं, ‘हे बाळाचं दूध.’ चाखायला सांगितलं तर बाटलीला तोंड लावू नकोस, चार थेंब तळहातावर घे आणि चाख. आणि तुपाची बरणी, लोणचं हे हातातल्या पिशवीत नकोच. सुकं खोबरं तर कुठल्याच सामानात ठेवू नकोस, ते चटकन पेट घेतं म्हणून काढून टाकतात. सासूबाईंनी प्रेमानं दिलेला डबा डोळ्यांदेखत टोपलीत जाताना पाहिला की बायका तिथेच रडायला लागतात, मी पाहिलंय.

आता कागद. यात मी चिवट आहे, कारण माझ्या अनुभवात निम्मी वादावादी कागद शोधण्याच्या मिनिटांत होते. अधिकारी थांबतो, मागची रांग सुस्कारे टाकते, बाळ रडतं, आपण गोंधळतो आणि गोंधळलेला माणूस संशयास्पद दिसतो. एक पारदर्शक फोल्डर घे. त्यात सगळ्यात वर मिस्टरांचं संमतीपत्र. अमेरिकेत शिरताना ते सक्तीचं नाही, पण एका पालकाबरोबर मूल असेल तर असं पत्र जवळ ठेवा, शक्यतो नोटरी करून, असं तिथलं सीमाशुल्क आणि सीमासंरक्षण खातंच सुचवतं; तिकडे इमिग्रेशनचे साहेबही त्याच खात्याचे. इंग्रजीत, अगदी साधं : मी या दोन मुलांचा बाप, त्यांची पूर्ण नावं, जन्मतारखा, पासपोर्ट नंबर, ती त्यांच्या आईबरोबर अमुक तारखेला इथून तिथे प्रवास करत आहेत, याला माझी संमती आहे, माझा पत्ता, फोन. खाली सही. तिकडच्या बऱ्याच बँकांत खातेदाराला नोटरी करून मिळते, तेव्हा मिस्टरांना याच आठवड्यात कामाला लाव. मूळ प्रत कुरिअरनं मागव, फोनमधल्या फोटोवर विसंबू नकोस. आणि तुझं विमान उतरेल त्या वेळी त्यांचा फोन चालू हवा, मीटिंग असो की झोप. पत्रावरच्या नंबरला फोन लावून खात्री करतात तेव्हा पलीकडून कोणी उचललं, की प्रश्न तिथेच मिटतो.

पत्राखाली मुलांचे जन्मदाखले, तुमचा लग्नाचा दाखला, मिस्टरांच्या व्हिसाची आणि नोकरीच्या पत्राची प्रत, राहण्याचा पत्ता. लग्नाचा दाखला का? आपल्याकडे पुष्कळ बायकांचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असतो आणि मुलांचा सासरच्या. आपल्याला त्यात काही वाटत नाही, पण परक्या अधिकाऱ्याला दोन आडनावं दिसतात. तुझंही तसं असेल तर दाखला हाताशी ठेव. बाळाचा पासपोर्टवरचा फोटो बहुतेक दोन-तीन महिन्यांचा असताना काढलेला असणार आणि आता त्याला दात आलेत, जावळ निघालंय. त्यावरूनही अडखळतात. मधल्या महिन्यांतले आई-बाळाचे दोन-चार फोटो फोनमध्ये वेगळे काढून ठेव.

काउंटरवर गेल्यावर दोन्ही मुलं पुढे घे. ते काउंटर मोठ्यांच्या छातीएवढ्या उंचीचं असतं, सहा वर्षांचं मूल त्याच्याखाली दिसेनासं होतं आणि अधिकारी मान लांबवून चेहरा शोधतो. मुलीला तू आधीच उचललंस किंवा काउंटरपासून दोन पावलं मागे, त्याला दिसेल असं उभं केलंस, तर त्याचं काम सोपं होतं. दुबईला टर्मिनल 3 वर 2023 पासून मुलांसाठी बुटकी, रंगीत काउंटरं केली आहेत, पोरं स्वतः आपल्या पासपोर्टवर शिक्का मारतात. असं आपल्याकडे का होऊ नये, हे मला कळत नाही. त्याला काही फार पैसे लागत नाहीत.

नमस्कार किंवा गुड मॉर्निंग आपण आधी म्हणायचं. मग आपणहून एक वाक्य : ‘मी मुलांना घेऊन त्यांच्या वडिलांकडे चालले आहे, ते न्यू जर्सीत नोकरी करतात, हे त्यांचं पत्र.’ हे इंग्रजीत पाठ कर. प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर समोर आलं, की बहुतेक जण नरमतात. पुढे विचारतील तेवढंच सांगायचं. उच्चार कळला नाही तर ‘पार्डन, पार्डन’ करण्यापेक्षा ‘प्लीज स्पीक स्लोली’ म्हण. तरीही नाही कळलं तर तिकडे दुभाषी मागता येतो. ‘मराठी इंटरप्रिटर प्लीज’ म्हणायला लाजू नकोस. अंदाजानं ‘येस’ म्हणणं हे सगळ्यात वाईट. आवाज चढला तर आपला उतरवायचा आणि सांगायचं, ‘सर, मुलगी घाबरली आहे. मी तिला उचलून घेते, मग उत्तर देते.’ हे भांडण नव्हे, विनंती आहे, आणि त्यानं समोरच्याला एक श्वास मिळतो. तरी नाही जमलं तर शांतपणे त्याच्या वरिष्ठांना बोलवायची विनंती कर. आपल्याकडे ‘शिफ्ट इन्चार्ज’, तिकडे ‘सुपरवायझर’.

फोन मात्र काढू नकोस. रेकॉर्डिंगला तिथे मनाई असते, आणि ज्याची चूक होती तो त्या क्षणी बरोबर ठरतो.

बाजूला बसवलं, आतल्या खोलीत नेलं, तर ती अटक नसते. कागद दुसऱ्यांदा तपासायचे असतात. तासभर जाऊ शकतो, कधी जास्तही. म्हणून डायपर, दूध, मुलीचा खाऊ, रंगखडू आणि बाळाचे जास्तीचे कपडे तुझ्या खांद्यावरच्या पिशवीत हवेत, सामानात टाकलेल्या बॅगेत नकोत. पुढची फ्लाइट असेल तर ते लगेच सांग. मध्ये अबू धाबीला थांबणारं तिकीट काढलंस तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि तिकडे उतरल्यावर रांग राहत नाही. दोन मुलं असताना हे मला फार सोयीचं वाटतं, फक्त दोन विमानांत चार तासांचं तरी अंतर ठेव. कारण तिथेच चौकशीत वेळ गेला, तर पुढचं विमान थांबणार नाही.

आणि मुलीची तयारी. तिला उत्तरं पाठ करायला लावू नकोस. पाठ केलेलं मूल उत्तर देण्याआधी आईच्या तोंडाकडे बघतं, आणि अधिकाऱ्याची नजर नेमकी तिथेच असते. तिला एवढंच सांग : ‘ते काका विचारतील, ही कोण? बाबा कुठे असतात? तुला जे माहीत आहे ते सांगायचं. नाही सांगावंसं वाटलं तर माझा हात धरायचा.’ बाबांचं गाव, बाबांचं काम, आपण किती दिवस जाणार, हे रोजच्या बोलण्यात येऊ दे; व्हिडिओ कॉलवर बाबांनीच सांगू दे. तिला एक कामही दे : फोल्डर तिच्याजवळ, काउंटर आलं की तिनं तुला द्यायचं. हातात काम असलं की मूल कमी घाबरतं, हे मी हजारो वेळा पाहिलंय. वॉचमनकाकांपासूनच सुरुवात कर. रोज जाता-येता तू स्वतः त्यांच्याशी दोन शब्द बोल, तिला बोलायचा आग्रह धरू नकोस. तू गणवेशातल्या माणसाशी मोकळेपणानं बोलताना तिला दिसू दे.

‘यांना कोणी विचारणारं आहे की नाही?’ आहे. नागरी विमान वाहतूक खात्याचं एअरसेवा नावाचं पोर्टल आणि अ‍ॅप 2016 पासून चालू आहे. विमान कंपनीपासून सुरक्षेपर्यंत विमानतळावरच्या तक्रारी तिथे घेतात. केंद्र सरकारच्या कुठल्याही खात्याविरुद्ध सीपीग्राम्स या पोर्टलवरही लिहिता येतं. अमेरिकेत त्या सीमाशुल्क आणि सीमासंरक्षण खात्याच्या संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे, आणि दरवेळी तुम्हालाच बाजूला घेत असतील, तर तिथल्या गृहसुरक्षा खात्याचा ‘डीएचएस ट्रिप’ म्हणून अर्ज आहे. नावाच्या साधर्म्यामुळे कोणी सारखं अडकत असेल तर त्याचा उपयोग होतो. तक्रार त्याच दिवशी टिपून ठेव, विमानात बसल्या बसल्या बोर्डिंग पासच्या मागे : तारीख, वेळ, काउंटर नंबर, छातीवरचं नाव दिसलं तर नाव, नेमके शब्द. ‘उद्धट होते’ असं लिहून काही होत नाही. ‘रात्री 1.40, काउंटर अमुक, सहा वर्षांच्या मुलीला असं म्हणाले, तेव्हा मी हे उत्तर दिलं’ असं लिहिलं, की त्यांना कॅमेऱ्यात बघता येतं. माझ्या कंपनीत अशा नेमक्या तक्रारींवर माणसांना बोलावून विचारलेलं मी पाहिलंय, मलाही एकदा विचारलं होतं. मे महिन्यातलं आता जुनं झालं, तरी मुलीच्या हातून बाहुली ओढल्याचं जरूर लिही. आणि डिसेंबरात कोणी बाळाला हसवलं, तुझी बॅग उचलून दिली, तर त्याचंही नाव त्याच पोर्टलवर लिही. काउंटरवरच्या माणसाच्या फाइलमध्ये असा एखादा कागद आला, तर तो माणूस तो कागद वर्षानुवर्षं जपून ठेवतो.

शेवटचं, म्हणजे माझ्या लेखी सगळ्यात तातडीचं. बाळाचा जन्मदाखला आजच काढून बघ. आपल्याकडे बारशाआधीच दाखला घेतात, तेव्हा नावाचा रकाना रिकामा असतो. नंतर नाव चढवून दुसरी प्रत घेतली जाते, पण पहिली घरात तशीच पडून राहते आणि घाईत नेमकी तीच फोल्डरमध्ये जाते. तुझ्या हातातल्या प्रतीवर बाळाचं नाव आहे ना, तेवढं बघ. नसेल तर महापालिकेतून नावाची प्रत याच आठवड्यात आण.